टेलिशॉपिंगच्या निर्मात्यांना आणि वाहिन्यांना खुले पत्र: पडद्यासमोर मूलही बसलेले असते

प्रति,
टेलिशॉपिंग कार्यक्रमांचे निर्माते, सादरकर्ते आणि हे कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या वाहिन्यांचे व्यवस्थापक यांस

सप्रेम नमस्कार.

प्राथमिक शाळेत सव्वीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका आहे. आपल्या कार्यक्रमांतून मी आजवर दोन-तीनदाच खरेदी केली आणि त्या वस्तूंबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार वस्तू विकताना वापरल्या जाणाऱ्या भाषेबद्दल आहे, आणि ती भाषा कोणाकोणाच्या कानांवर पडते याचा विचार होत नाही, याबद्दल आहे.

काही दिवसांपूर्वी माझी सात वर्षांची नात तापामुळे घरीच होती. दूरचित्रवाणी संच सुरू होता, कार्टून संपले आणि त्याच वाहिनीवर फरशी पुसण्याच्या एका यंत्राची विक्री सुरू झाली. वाहिनी बदलण्याचे कोणालाच सुचले नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटे धावत होते, आणि ते शून्यावर आले की ही वस्तू या किमतीला पुन्हा कधीच मिळणार नाही, असे सादरकर्ती अत्यंत कळकळीने सांगत होती. नातीला त्या यंत्राशी काही देणेघेणे नव्हते. तरीही शेवटच्या दोन मिनिटांत ती रडवेली झाली आणि फोन कर म्हणून माझ्या मागे लागली, कारण तिच्या दृष्टीने काहीतरी कायमचे हातातून निसटत होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तेच यंत्र, तीच सादरकर्ती आणि तेच घड्याळ पुन्हा आले. तिने माझ्याकडे वळून विचारले, "आजी, काल संपलं होतं ना?" पडद्यावरची ती गोड बोलणारी बाई काल खरे बोलली नव्हती, हे न सांगता या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, ते मला सुचले नाही.

टेलिशॉपिंगचे कार्यक्रम मुलांनी पाहण्यायोग्य असावेत का, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा अश्लीलतेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पडद्यावर आक्षेपार्ह कपडे नाहीत, शिवीगाळ नाही, मारामारी नाही, म्हणजे कार्यक्रम निर्धोक, असे मानले जाते. मला हे मोजमाप अपुरे वाटते. 'मुलांसाठी योग्य' या शब्दांचे मुळात दोन अर्थ होतात. मुलांना आवडेल, मुले ओढली जातील अशा बेताने रचलेला कार्यक्रम, हा एक अर्थ. आणि मुलाने शेजारी बसून पाहिला तरी त्याच्या भोळेपणाचा गैरफायदा घेतला जाणार नाही असा कार्यक्रम, हा दुसरा. मी आपल्याकडे दुसऱ्या अर्थाने योग्यतेची मागणी करीत आहे, आणि पहिल्या अर्थाला माझा तितकाच ठाम विरोध आहे.

यावर आपले पहिले उत्तर काय असेल, याची मला कल्पना आहे. हे कार्यक्रम मोठ्यांसाठी आहेत, मुलांकडे पैसे नसतात, मुले ऑर्डर देत नाहीत, मग त्यांचा विचार आम्ही का करावा? हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याचा एक बोलका इतिहासही आहे. जाहिरातीचा हेतू समजण्याचे ज्यांचे वय नाही, अशा लहान मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करण्यास बंदी घालावी, असा प्रस्ताव अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापुढे १९७८ साली आला होता. उद्योगांचा आणि कायदेमंडळाचा विरोध इतका तीव्र होता की १९८१ मध्ये ते प्रकरण बंद करण्यात आले. परंतु ते बंद करण्याची शिफारस करताना आयोगाच्या अधिकाऱ्यांनी जे म्हटले, ते आजही वाचण्यासारखे आहे. सहा वर्षांखालील मुलांना जाहिरात पारखता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. अडचण सांगितली ती अशी की एवढी लहान मुले बहुतेक कार्यक्रमांच्या प्रेक्षकांमध्ये थोडीच असतात, त्यामुळे केवळ त्यांच्यापुरती बंदी घालणे व्यवहारात जमणारे नाही. मला या निष्कर्षातून नेमकी उलटी जबाबदारी निघताना दिसते. मुलाला प्रेक्षकांतून वेगळे काढता येत नसेल, तर तो प्रेक्षकांत आहे हे धरूनच बोलले पाहिजे. ज्या खोलीत मूल बसले आहे त्या खोलीत आपण सगळेच शब्द जपून वापरतो, आणि आपला कार्यक्रम रोज अशाच असंख्य खोल्यांमध्ये जात असतो.

मुलाला काय कळते आणि काय कळत नाही, याविषयी मी अनुभवाने सांगू शकते. पाच-सहा वर्षांचे मूल जाहिरात ओळखते, हे खरे आहे. ती गोष्टीच्या मधेच येते, तिचा आवाज मोठा असतो, तिच्यात गाणे असते, म्हणून ते 'जाहिरात लागली' असे म्हणते. परंतु जाहिरात ओळखणे वेगळे आणि समोरचा माणूस आपल्याकडून काहीतरी मिळावे म्हणून बोलतो आहे, तो वस्तूची फक्त चांगली बाजू सांगणार आहे, हे उमगणे वेगळे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन असाच निष्कर्ष मांडला होता, की सुमारे आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरातीमागचा मन वळवण्याचा हेतू पारखता येत नाही आणि ती सांगितलेले जसेच्या तसे खरे मानतात. वर्गात याचा प्रत्यय रोज येतो. "सगळ्यांकडे आहे" असे एखादे मूल म्हणते, तेव्हा ते अतिशयोक्ती करीत नसते. त्याला कोणीतरी तसे सांगितलेले असते आणि त्याने ते मोजमाप म्हणून स्वीकारलेले असते.

नेहमीच्या जाहिरातीत मुलाला निदान एक खूण मिळते: गोष्ट थांबली, जाहिरात आली, गोष्ट पुन्हा सुरू झाली. आपल्या कार्यक्रमांत ती खूणही नाही. तिथे गोष्ट म्हणजेच जाहिरात असते. अमेरिकेत १९८४ साली दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवण्यात आली आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या विक्री कार्यक्रमांना वाट मोकळी झाली. पुढे १९९० च्या कायद्याने मुलांच्या कार्यक्रमांपुरती मर्यादा परत आणली: शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी बारा मिनिटे. मर्यादा चांगलीच आहे, पण ती मुलांच्या कार्यक्रमांपुरती आहे, आणि तिच्यामागे गृहीतक असे आहे की जाहिरातीची मिनिटे आणि कार्यक्रमाची मिनिटे वेगळी काढता येतात. साठ मिनिटांपैकी साठ मिनिटे विक्रीच चालू असेल, तर घड्याळ लावून काय मोजायचे? त्याच देशाच्या संचार आयोगाने १९७४ मध्ये आणखी एक गोष्ट अयोग्य ठरवली होती. मुलांच्या कार्यक्रमातील निवेदकाने किंवा पात्राने त्याच कार्यक्रमात वस्तू विकू नये, कारण मूल त्याच्यावर विश्वास ठेवते आणि त्या विश्वासाची किंमत वसूल होते. टेलिशॉपिंगमध्ये निवेदकच विक्रेता असतो, पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. तो हसतो, विचारपूस करतो, आपल्या घरच्या गोष्टी सांगतो, रोज ठरलेल्या वेळी येतो. मुलाच्या जगात असे वागणाऱ्या माणसाला ओळखीचा माणूस म्हणतात.

आपल्या व्यवसायाची सुरुवातच या विश्वासातून झाली, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. १९७७ साली फ्लोरिडातील एका लहान रेडिओ केंद्राच्या जाहिरातदाराकडे पैसे द्यायला नव्हते, म्हणून त्याने बिलापोटी डबे उघडण्याची ११२ यंत्रे दिली, आणि निवेदकाने ती कार्यक्रमातच विकायला काढली. ती सगळी विकली गेली. त्यातूनच १९८२ मध्ये एक स्थानिक वाहिनी निघाली आणि १९८५ मध्ये ती देशभर दिसू लागली. ऐकणाऱ्यांनी त्या दिवशी यंत्रापेक्षा रोजच्या ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवला, असे मला वाटते. त्यात काही गैर झाले असे मी म्हणत नाही. चांगल्या वस्तूची प्रामाणिक माहिती, ती कशी वापरावी याचे प्रात्यक्षिक आणि घरबसल्या ती मागवण्याची सोय या तिन्ही गोष्टी उपयोगाच्या आहेत. ज्यांना घराबाहेर पडणे अवघड आहे अशा वृद्धांसाठी आणि आजाऱ्यांसाठी तर विशेषच. प्रश्न त्या विश्वासाच्या बळावर काय सांगितले जाते, हा आहे.

म्हणून मी त्या घड्याळाकडे परत येते. उलटे धावणारे घड्याळ, पडद्यावर भराभर घटणारी शिल्लक वस्तूंची संख्या, पाठीमागे अखंड वाजणारे फोन, ठळक काट मारलेली एक भलीमोठी किंमत आणि तिच्याखाली लाल अक्षरांतली छोटी किंमत: या सगळ्यांचे काम एकच आहे, ते म्हणजे बघणाऱ्याला विचार करायला वेळ न देणे. मोठा माणूस या घाईवर थोडीफार मात करू शकतो, कारण असे घड्याळ त्याने आधी पाहिलेले असते. मुलाने ते पाहिलेले नसते. त्याला वेळेचे भान नुकतेच येऊ लागलेले असते. 'पुन्हा कधीच नाही' हे शब्द त्याच्यासाठी अक्षरशः खरे असतात. मुदत खरी असेल, साठा खरोखर संपत असेल, तर ते सांगणे ही माहिती आहे आणि ती जरूर द्यावी. पण तोच भाग दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवायचा हे आधीच ठरलेले असताना आज 'शेवटची संधी' म्हणणे, किंवा ज्या किमतीला ती वस्तू कधी विकलीच गेली नाही ती किंमत काट मारून दाखवणे, याला दुसरे नाव नाही. मूल ते पकडते. ज्या दिवशी ते पकडते, त्या दिवशी त्याला एका यंत्राच्या किमतीबद्दलच कळते असे नाही. मोठी माणसे हसतमुखाने, सगळ्यांदेखत, रोज खोटे बोलू शकतात आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही, हेही त्याला कळते.

शरीराविषयीच्या वस्तूंबद्दल मला याहून अधिक चिंता वाटते. वजन उतरवणारे पट्टे, उंची वाढवणारी चूर्णे, त्वचा उजळवणारी मलमे, केस उगवणारी तेले यांच्या कार्यक्रमांचा साचा ठरलेला असतो. आधी एक दुःखी, वाकलेला, अंधुक प्रकाशातला माणूस. त्याला कोणी बोलावत नाही, त्याचे लग्न जमत नाही, त्याला नोकरी मिळत नाही. मग वस्तू येते आणि तोच माणूस ताठ उभा राहून उजेडात हसतो. अशा मालाच्या गुणाबद्दलची तपासणी करणारे कायदे अनेक देशांत आहेत आणि ते त्यांचे काम करोत. मी बोलते आहे ते सुरुवातीच्या त्या पाच मिनिटांबद्दल, ज्यांत जाड असणे, बुटके असणे, सावळे असणे हे लाजेचे आणि एकटेपणाचे कारण म्हणून रंगवले जाते. दहा वर्षांची मुलगी हे पाहते तेव्हा ती काही विकत घेत नाही, पण स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची एक नजर ती तिथून उचलते. वर्गात एका मुलाने दुसऱ्याला त्याच्या पोटावरून चिडवले आणि चिडवताना वापरलेले वाक्य शब्दशः अशाच कार्यक्रमातले होते, सादरकर्त्याच्या हेलासकट, हे मी स्वतः ऐकले आहे. ज्याला चिडवले तो मुलगा पुढचे कित्येक दिवस मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसायचा. त्याला समजावण्यात माझे बरेच दिवस गेले, आणि मी कमी पडले असे मला आजही वाटते.

इतर गोष्टींचा मी थोडक्यात उल्लेख करते, कारण त्या सुधारणे सोपे आहे. धारदार सुऱ्या, उकळते पाणी, वाफेची यंत्रे आणि शिड्या यांची प्रात्यक्षिके खेळासारखी दाखवू नयेत; मुले त्यांचे अनुकरण करतात. नशीब पालटून देण्याचा दावा करणाऱ्या वस्तू तर मुलेच काय, कोणी पाहत असताना विकल्या जाव्यात असे मला वाटत नाही.

पालकांनी वाहिनी बदलावी, मुलांवर लक्ष ठेवावे, हे आपले दुसरे उत्तर असेल. पालकांची जबाबदारी मी नाकारत नाही; माझ्या घरात त्या दिवशी ती मी पाळली नाही, हे मी वर लिहिलेच आहे. पण त्याच वाहिनीवर कार्टून संपताच विक्री सुरू होते, तेव्हा ती वेळ पालकांनी ठरवलेली नसते, वाहिनीने ठरवलेली असते. कमी मागणीच्या वेळा विक्री कार्यक्रमांना भाड्याने देणे हा वाहिन्यांचा उत्पन्नाचा मार्ग आहे, हे मला माहीत आहे. परंतु सकाळच्या आणि दुपारच्या याच वेळांत घरात आजारी मूल, सुट्टीतले मूल, आजी-आजोबांजवळ ठेवलेले मूल असते. वेळ विकताना त्या वेळी घरी कोण असते, याचा विचार करण्याचे काम विकणाऱ्याचेही आहे.

आता पहिल्या अर्थाविषयी, म्हणजे मुलांसाठी म्हणून खास रचलेल्या खरेदी कार्यक्रमांविषयी. 'मुलांसाठी योग्य' असे आम्ही म्हणतो तेव्हा कोणाला असा मोह होऊ शकतो, की रंगीबेरंगी मांडणी करावी, खेळणी ठेवावीत, एखादे लहान मूलच सादरकर्ता म्हणून उभे करावे. कृपा करून हे करू नका. युरोपीय संघाने १९९७ मध्येच आपल्या दूरचित्रवाणीविषयक निर्देशात स्पष्ट केले होते, की टेलिशॉपिंगने अल्पवयीनांना खरेदीचा करार करण्यास उद्युक्त करू नये, आणि २०१८ च्या दुरुस्तीने मुलांच्या कार्यक्रमांदरम्यान टेलिशॉपिंग दाखवण्यास सरळ मनाई केली. त्याच नियमांनुसार, आईवडिलांना गळ घालून वस्तू घ्यायला लावा असे मुलांना थेट सुचवणेही चालत नाही. भारतात २०२२ साली निघालेल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांतही मुलांच्या अननुभवाचा आणि भोळेपणाचा फायदा घेण्यास मज्जाव आहे. पण मला सर्वांत नेमका वाटतो तो कॅनडातील क्वेबेक प्रांताचा कायदा. तिथे १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करता येत नाही, आणि १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरवली. जाहिरात मुलांना उद्देशून आहे की नाही, हे ठरवताना वस्तू कोणती आहे, ती कशी मांडली आहे आणि ती कोणत्या वेळी व कोठे दाखवली आहे, हे तिथे पाहिले जाते. मोठ्यांच्या वेळेत दाखवली एवढ्यावरून ती मुलांसाठी नाही असे धरले जात नाही. 'आमचा कार्यक्रम मोठ्यांसाठी आहे' या वाक्याचा आडोसा त्या कायद्याने काढून घेतला आहे.

आपापल्या देशांत असा कायदा येईपर्यंत आपण थांबावे, असे मला वाटत नाही, कारण मी जे मागते आहे त्यातले बरेचसे उद्यापासून करता येण्यासारखे आहे. कार्यक्रम चालू असेपर्यंत 'ही जाहिरात आहे' ही अक्षरे पडद्यावर सतत आणि ठळक असावीत, आणि ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी सादरकर्त्याने ते दर काही मिनिटांनी तोंडाने सांगावे. मुलांच्या कार्यक्रमाला लागून, आधी किंवा नंतर, विक्री ठेवू नये. मध्ये निदान दुसरा एखादा कार्यक्रम असावा. कोणाच्याही शरीराची हेटाळणी करून वस्तूची गरज पटवू नये. विक्रीसाठी मुलांना पडद्यावर आणू नये. फोनवर ऑर्डर घेणाऱ्यांना लहान आवाज ऐकू आला, तर घरातल्या मोठ्या माणसाशी बोलल्याशिवाय ती नोंदवू नये, अशी सक्त सूचना असावी. आणि घड्याळ दाखवायचे असेल, तर ते खरे असावे. हीच विक्री आता दूरचित्रवाणीवरून हातातल्या फोनच्या पडद्यावर थेट प्रक्षेपणाने होऊ लागली आहे, तिथे मूल एकटेच असण्याची शक्यता अधिक, म्हणून हे सारे तिथेही तितक्याच काटेकोरपणे पाळले जावे.

याने आपली विक्री कमी होईल, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. काही प्रमाणात होईलही. घाईने विकली जाणारी जी वस्तू शांतपणे विचार केल्यावर कोणी घेणार नाही, तिची विक्री कमी व्हावी हीच माझी इच्छा आहे, आणि ती मी लपवत नाही.

आपल्यापैकी कोणा जबाबदार व्यक्तीने मला एका प्रश्नाचे उत्तर जाहीरपणे द्यावे, अशी विनंती आहे: घड्याळ शून्यावर येते तेव्हा नेमके काय संपते? उत्तर सात वर्षांच्या मुलीला कळेल अशा शब्दांत असावे. ते आले की मी तिला वाचून दाखवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका